चिठ्ठीवाले पाहुणे

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत आलेल्या पाहुण्यानं 'जेवायला कुठं जावं?' असं विचारलं, की पास्खालिसचं उत्तर नऊ वर्षं एकच होतं. बंदराजवळच्या लहानशा हॉटेलच्या काउंटरवर बसून तो चिठ्ठी लिहून द्यायचा: वरच्या वस्तीतली एवान्थियाची खानावळ, खिम्याचे गोळे मागवा. एवान्थिया आपली सख्खी धाकटी बहीण, हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

खानावळ उघडली त्याच दिवशी हा शहाणा चारचौघांत म्हणाला होता, "आईच्या हाताची चव काही तुला साधली नाही."

"मग माझी पायरी चढू नकोस," ती म्हणाली.

तो चढला नाही. हट्टाला दोघं सारखीच. पाहुणे परतले की तो आडून आडून विचारी, बाई कशी आहे, हसते का. यंदा ईस्टरला जाऊन माफी मागायची, असं त्यानं ठरवलं होतं. तसं ते दरवर्षीच ठरायचं.

थंडीत पाहुणे रोडावले आणि दोन महिने तिची काही खबर आली नाही. मार्चमध्ये हॉलंडचं एक म्हातारं जोडपं आलं. चिठ्ठी घेऊन गेलं आणि तासाभरात परतलं.

"खानावळ बंद होती," म्हातारी म्हणाली, "पण माणसं फार चांगली हो. दारात मालकिणीची मुलगी सगळ्यांना खाऊ वाटत होती. चिठ्ठी पाहिली आणि तुमच्यासाठीही पुडी दिली."

पांढरी कागदी पुडी, वर छोटा क्रूस. आत उकडलेले गहू, साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे. माणूस जाऊन चाळीस दिवस झाले की वाटतात ते. एवान्थिया गेली होती, आणि त्याला कुणी कळवलंही नव्हतं. पास्खालिसनं पुडी काउंटरवर ठेवली.

"आणखी काही म्हणाली ती?"

"म्हणाली, आई चिठ्ठीवाल्यांना नेहमी एक गोळा जास्त वाढायची. दादाची माणसं आहेत, म्हणायची." म्हातारीनं कौतुकानं विचारलं, "तुम्हीच का ते दादा?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. हे गहू खाताना 'देव तिला क्षमा करो' म्हणायची रीत आहे. त्यानं चिमूटभर तोंडात टाकले, पण ते शब्द म्हटले नाहीत. तिला कसली क्षमा? मागायची होती ती त्यानंच.

"मग आता आम्ही जेवायचं कुठं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

पास्खालिसनं सवयीनं कागद ओढला, पेन उचललं. एवढ्या मोठ्या शहरात त्याला दुसरं एकही नाव आठवेना.