तळ्याकडची खिडकी

मालक दवाखान्यातून एकटेच परत आले, त्या दिवशी मला कळलं. त्यांच्या हातातल्या पिशवीत मालकिणींच्या चपला होत्या. कुलूप उघडून त्यांनी त्या दाराशी नीट मांडल्या आणि ते उंबऱ्यावरच बसून राहिले.

मित्रांनो, मी गावाबाहेरचं एक जुनं घर आहे. मालक गवंडी. माझे दगड त्यांनी फोडले, माती मालकिणींनी कालवली. माझ्या मागे तळं आहे, तळ्यापलीकडे टेकडी आणि टेकडीवरून उतरणारी पायवाट. सकाळी बगळे येतात. हे सगळं स्वयंपाक करताना दिसावं म्हणून मालकिणींनी खिडकी मागितली होती. मालकांनी ती केली, पण माप घेतलं स्वतःच्या डोळ्यांचं. मालकीण बुटक्या. त्यांना नुसतं आभाळ दिसायचं.

"अहो, खिडकी माणसांसाठी केलीत की उंटासाठी?" त्या म्हणायच्या.

"पुढच्या उन्हाळ्यात खाली घेतो," मालक म्हणायचे.

असे एकतीस उन्हाळे गेले. येणारेजाणारे माझ्या भिंतींचं कौतुक करायचे, कुठे एक तडा नाही म्हणायचे. मालकीण लाकडी खोक्यावर चढून तळं बघायच्या. मग गुडघे धरले आणि तेही थांबलं.

त्या गेल्यानंतर महिन्याभराने मुलगी मालकांना न्यायला आली. मालक छिन्नी घासत होते.

"बाबा, आता कुणासाठी फोडताय भिंत? आई नाही ना."

"म्हणून माप चुकलेलंच ठेवू? इथे उभी राहा. टाचा टेकव."

"टेकल्यात. आईवर गेलेय, एवढीच आहे मी."

मालकांनी तिच्या डोळ्यांच्या रेषेत कोळशाने खूण केली. मुलीने बॅग कोपऱ्यात ठेवली आणि घमेलं उचललं.

प्रत्येक घाव मला लागत होता. पण काढायचा नसलेला एकही दगड मी ढळू दिला नाही. मालकही थांबले नाहीत. हात भरून आले की पाणी प्यायचे आणि पुन्हा हातोडा उचलायचे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी टाचा उंचावून बघत असेल, तर ते माणूस आहे तोवर त्याची खिडकी खाली घ्या. उन्हाळ्याची वाट बघू नका.

नवी चौकट बसली आहे. आता तिथून तळं दिसतं. खिडकीची दारं अजून लावायची आहेत, आणि खालच्या कडेचा गिलावा राहिला आहे.