दुसरी सही

ऑफिसात तिला सगळे 'दुसरी सही' म्हणायचे, आणि हे नाव तिने स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवलं होतं. पिण्याचं पाणी तपासायची प्रयोगशाळा ती. बाटल्या यायच्या, अहवाल जायचे. तीन वर्षांपूर्वी एका अहवालात दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि चांगलीभली विहीर महिनाभर बंद राहिली. तेव्हा हिनेच साहेबांच्या मागे लागून नियम करून घेतला: दोन सह्या झाल्याशिवाय या दारातून चिटोरंसुद्धा बाहेर जाणार नाही. अहवाल असो, पत्र असो, नाहीतर पंखा दुरुस्त करणाऱ्याला लिहिलेली चिठ्ठी असो. लोक आधी वैतागले, मग त्यांनी थट्टा केली, मग सवय झाली. "मॅडम, मघाशी शिंकलो, सही करता का?" असं जावक कारकून विचारायचा. तीही हसायची. नियम आपला आहे याचा तिला अभिमान होता, खोटं कशाला बोला.

तर अशी ही बत्तीस वर्षांची बाई नऊ वर्षं बाटल्या हलवून हलवून कंटाळली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिने दोन विद्यापीठांत अर्ज टाकले. एक मोठं, एक धाकटं. धाकट्याने लगेच होकार कळवला: जागा आहे, विद्यावेतन आहे, वसतिगृहात खोलीही आहे, फक्त बुधवारी पाचच्या आत काय ते सांगा. मोठ्याचा मात्र पत्ता नाही. त्यांच्या संकेतस्थळावर तिच्या नावापुढे तीन महिने एकच शब्द ठाण मांडून बसलेला: 'विचाराधीन'. दिवसातून वीसदा ती तो उघडून बघायची, दूध उतू गेलं का बघावं तसं.

मन सगळं मोठ्यात अडकलेलं. खोल विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड उतरतं कसं, यावर उभा जन्म घालवलेल्या एक प्राध्यापिका तिथे होत्या. हिने त्यांना आपली टिपणं पाठवली होती, आणि त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या: 'निरीक्षणं चांगली आहेत. अर्ज जरूर करा.' त्या दोन ओळी हिला तोंडपाठ. धाकट्याकडे हा विषयच नव्हता. त्यांच्याकडे सांडपाणी होतं.

मंगळवारी जेवताना दादाने विषय काढला.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. त्यांना हो म्हणून टाक."

"विचाराधीन म्हणजे विचार चाललाय त्यांचा," ती म्हणाली.

"लग्नाच्या वेळी मीही तीन मुलींना विचाराधीन ठेवलं होतं. एकीलाही हो म्हणायचं नव्हतं."

वहिनीने पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. आई म्हणाली, "अगं, मग त्या मोठ्यांना फोन करून विचार ना सरळ. विचारल्याने काय अंगाला भोकं पडतात?"

"उतावळी वाटेन मी."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच? अर्जाला तीन शिफारसपत्रं लागायची, तीही टपालाने, सही-शिक्क्याची. त्यातलं एक साहेबांचं. "लिहिलंय, फक्कड लिहिलंय," असं साहेबांनी थंडीतच सांगितलं होतं. ते पुढे गेलं की नाही हे हिने त्यांना एकदाही विचारलं नाही. विचारलं तर साहेबांना वाटेल, हिचा विश्वास नाही.

बुधवारी दुपारी तीनला धाकट्या विद्यापीठातून फोन आला. तिथल्या कार्यालयातल्या बाई होत्या, बोलायला गोड.

"घाई करत नाही हं मी. पाचपर्यंत वेळ आहेच तुम्हाला. पण तुमच्या मागे यादीत एक जण थांबलाय, रोज फोन करतो बिचारा. तुमचं नाहीच ठरत असेल तर त्याला तरी सांगता येईल."

तिने फोन ठेवला आणि पुन्हा एकदा तो शब्द उघडून बघितला. विचाराधीन. नाही म्हणायचं असतं तर एव्हाना म्हणाले नसते का, असं तिने स्वतःला समजावलं. आणि येणार नसताना कुणाची तरी जागा अडवून बसायची, हे तिच्या स्वभावात नव्हतं. तिने नकाराची चार ओळींची मेल लिहिली, नीट, आभार मानून. पाठवण्याआधी कुणाला तरी वाचायला द्यावी असं क्षणभर मनात आलं. पण हा कागद ऑफिसचा नव्हता. तीन चाळीसला तिने मेल पाठवून दिली.

आणि गंमत बघा, नकार दिल्यावर तिला धीर आला. आता कसली भीड, म्हणून तिने मोठ्या विद्यापीठाला फोन लावला.

"तुमचा अर्ज समितीपुढे गेलेलाच नाही," पलीकडचा माणूस म्हणाला. "तिसरं शिफारसपत्र आलं नाही. तुमच्या साहेबांना आम्ही दोनदा कळवलं."

"पण तिथे विचाराधीन दिसतंय."

"ते सगळ्यांनाच दिसतं. फाइल बंद होईपर्यंत तसंच राहतं."

"आत्ता आणून दिलं तर?"

"जागा सोमवारी भरल्या, मॅडम."

साहेबांच्या खोलीत ती दार न वाजवता शिरली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. साहेब गोंधळले. "मी तर केव्हाच लिहून जावकला दिलं. त्यांची विचारणा आली, तेव्हा उत्तरंही दिली. मला वाटलं, टपालात मागेपुढे झालं असेल." त्यांनी कारकुनाला हाक मारली. कारकून शांतपणे गेला, निवृत्त झालेल्या हेडक्लार्क काकांच्या टेबलाचा खण उघडला आणि पाकीट घेऊन आला. त्याच्या खाली साहेबांची दोन्ही उत्तरंही होती, 'पत्र पाठवत आहोत' म्हणणारी.

"तुमच्याबद्दलचं पत्र, त्यावर तुमचीच सही कशी चालेल?" तो म्हणाला. "ऑफिसातल्या माणसांबद्दलच्या पत्रांवर पहिल्यापासून दुसरी सही काकांचीच असायची. काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी अजून माणूस नाही. नवा आला की सगळ्यात आधी याच्यावर त्याची सही घ्यायची म्हणून मी जपून ठेवलं होतं."

"मला सांगायचं नाही?"

"गोपनीय लिहिलंय ना वर. आणि दोन सह्यांशिवाय चिटोरं जायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता आले असते. तिला राग तर आला होता, पण तो काढायचा कुणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

चार वीसला तिने धाकट्या विद्यापीठातल्या बाईंना फोन लावला.

"अहो, तुमची मेल आली तशी मी त्याला कळवलं," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटांत होकार आला त्याचा. रडत होता फोनवर."

"पाच वाजायचेत अजून."

"तुम्ही लेखी दिलंत ना. मी काय करू आता?"

खरंच, त्या तरी काय करणार होत्या.

घरी तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. दादाने एकही म्हण ऐकवली नाही, 'मी सांगितलं होतं' असंही म्हणाला नाही. तिच्या ताटात त्याने स्वतः वाढलं. तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी साहेब तिच्या टेबलाशी आले. आजवर ते कधी कुणाच्या टेबलाशी गेले नव्हते.

"पुढच्या वर्षी हेच पत्र वापरू. तारीख बदलली की झालं." मग म्हणाले, "आणि काकांची जागा काही भरत नाहीत म्हणे. वरून आलंय तसं. आजपासून असल्या पत्रांवरची दुसरी सहीही तुम्हीच करा."

पाकीट तिच्यापुढे ठेवून ते गेल्यावर तिने ते फोडलं. पत्र खरंच फक्कड होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'हिच्या नजरेखालून गेलेल्या कागदात आजवर एकही चूक निघालेली नाही.' खाली साहेबांची सही, आणि तिच्या शेजारी मोकळी जागा. तिने दोनदा वाचलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. नुसता कडू राग होता, औषध जिभेवर रेंगाळतं तसा, आणि तो सगळा स्वतःवरच होता.

कारकून चाळीस अहवालांचा गठ्ठा घेऊन समोर उभा होता. तिच्या हातातल्या पत्राकडे त्याने बघितलं आणि चाचरत विचारलं, "मग हे पाठवायचं कधी?"

तिने पत्र पाकिटात घातलं, उठून काकांच्या खणात ठेवलं, खण लावला, आणि गठ्ठा आपल्याकडे ओढला.

"दुसरी सही झाली की," ती म्हणाली, आणि पहिल्या अहवालातलं दशांशचिन्ह शोधू लागली.