शेकायच्या पिशवीतले प्लास्टर

मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. रंगाने विटकरी, अंगावर उभ्या रेघा, मान आखूड आणि डोके नाही. डोक्याच्या जागी फिरवून बसवायचे बूच. सध्या माझे दोन तुकडे झालेले आहेत आणि त्यांतल्या खालच्या तुकड्यात एक मुलगी प्लास्टर कालवते. मित्रांनो, एवढ्यावरून हळहळू नका. रबराची वस्तू फार हळवी नसते. झाले ते क्रमाने सांगते.

माझा जन्म साच्यात झाला. तापलेल्या साच्यात रबराचे दोन तुकडे एकमेकांवर दाबले गेले, कडा एकजीव झाल्या आणि मी झाले. मग एका तपासनीस बाईंनी माझ्यात हवा भरून मला पाण्यात बुडवले. बुडबुडा आला नाही, म्हणून मी पास. माझ्या शेजारणीतून एक बारीकसा आला, ती तिथल्या तिथे बाद झाली. आयुष्यात मी दिलेली ही एकमेव परीक्षा, आणि तीही काही न करता उत्तीर्ण झाले.

औषधांच्या दुकानातून मला एका घड्याळे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी घरी नेले. त्यांची बायको लाँड्रीत दिवसभर उभी राहून चादरी इस्त्री करायची आणि संध्याकाळी तिची पाठ धरायची. घड्याळजींची प्रत्येक कामाची पद्धत ठरलेली असे. पाणी उकळते घालायचे नाही. पिशवी गळ्यापर्यंत भरायची नाही. मग मला टेबलावर आडवी करून पोटावरून हात फिरवत हवा बाहेर काढायची, आणि पाणी मानेशी आले की बूच फिरवायचे.

"हवा राहिली की पिशवी नुसती फुगते. पाठीला टेकतच नाही," असे ते रोज सांगायचे. ऐकणारे कोणी नसले तरी सांगायचे.

मला जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ते बायकोच्या पाठीमागे ठेवत. ती टेकून बसे आणि म्हणे, "हं. आता बरं." सोळा वर्षांत माझे एवढेच कौतुक झाले. मला ते पुरले.

त्या घरात एक मुलगी होती. लहान असताना एकदा ती आईच्या पांघरुणात शिरली आणि तिचा पाय मला लागला. गरम, मऊ, आत काहीतरी डुचमळणारे! तिने घर डोक्यावर घेतले. पुढे मोठी झाली, उंचीने आईच्या वर गेली, तरी मला उचलायची वेळ आली की दोन बोटांनी उचलायची, मेलेला उंदीर उचलावा तशी. मी काही बोलले नाही. बोलण्याची सोय नव्हती.

तीन वर्षांपूर्वी घड्याळजी गेले. त्यानंतर त्यांच्या बायकोने मला दोन-तीनदा भरून पाहिले, पण घाईत हवा राहायची. "नकोच ती कटकट," म्हणून तिने मला कपाटाच्या खालच्या खणात टाकले. तिथे मी आत ओलसर आणि बाहेर धुळीने भरलेली अशी पडून राहिले. मला वाईट वाटले. हे मी एकदाच सांगते.

मुलगी तोवर शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला पोचली होती. परीक्षेच्या कामासाठी तिने विषय निवडला होता : घरातल्या रोजच्या वस्तू, ज्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले की आपल्याच घरात परके वाटू लागते. तिने खुर्चीच्या बैठकीवर कंगवे चिकटवले. मग चमच्याला दात बसवले. शिकवणाऱ्या बाईंनी दोन्हींभोवती एकेक फेरी मारली.

"या खुर्चीवर कुणी बसणारच नाही," त्या म्हणाल्या. "मग घाबरणार कोण? आणि हे दात तू बाहेरून आणलेत. तुझ्या घरात तू कशाला हात लावत नाहीस, ते आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला न विचारता तिने मला खणातून काढून कॉलेजच्या कार्यशाळेत नेले. अर्थात, दोन बोटांनी.

तिचा बेत साधा होता. माझ्यात प्लास्टर ओतायचे, ते घट्ट झाले की मला कापून सोलून काढायचे. आत राहील ते पांढरे, फुगीर, बिनडोक्याचे जनावर. "पोट मात्र गोल यायला हवं," ती बाईंना म्हणाली, "नाहीतर ते जनावर वाटणारच नाही." काम उद्या सकाळी अकराला जमा करायचे होते. पिशवी एकच, म्हणजे संधीही एकच.

दुपारी आईचा फोन आला. "डबा विसरलीस. जेवणाच्या सुट्टीत आणून देते. पाठ धरलीये आज, हळूहळू येते."

मुलगी "बरं" म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. नरसाळ्याने तिने माझ्यात प्लास्टर ओतले. मग मला टेबलावर आडवी केली, पोटावरून हात फिरवत हवा बाहेर काढली आणि प्लास्टर मानेशी आल्यावर बूच फिरवले. ही पद्धत तिला कोणी मुद्दाम शिकवलेली नव्हती. घरात रोज पाहिलेले हातात आले होते.

आता एक गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. प्लास्टर घट्ट होऊ लागले की आपोआप तापते. तीन वर्षांनी मी कोमट झाले.

तेवढ्यात आई आली. डबा ठेवायला जागा शोधताना तिला मी दिसले. तिने हात लावला आणि तिचा चेहराच बदलला.

"अगं, ही घेऊन आलीस? माझ्यासाठी भरून ठेवलीस?"

मुलीचे तोंड उघडले. तिला "थांब" म्हणायचे होते, हे मला स्वच्छ दिसत होते. प्लास्टर अजून पुरते धरले नव्हते, टेकले तर गोल पोटाचा चेंदामेंदा होणार होता. पण आईने मला उचलले, स्टूल भिंतीशी ओढले, मला पाठीमागे सारले आणि टेकून डोळे मिटले.

"हं. आता बरं," ती म्हणाली. "हवासुद्धा नाही ठेवलीस. अगदी त्यांच्यासारखी भरलीस गं."

मुलगी उभीच राहिली. मग तिने तोंड मिटले.

मी तापत गेले. आई अर्धा तास तशीच बसली. शेवटी तिनेच हात मागे घातला. "ही दगडासारखी का लागतेय?"

मुलीने सगळे सांगितले. आई मला मांडीवर घेऊन बराच वेळ बुचाशी चाळा करत राहिली.

"विचारायचं तरी होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." आईने मला तिच्यापुढे सरकवले. "काप आता. काय झालंय ते बघू तरी."

मुलीने मला आडवे कापले. दुखले नाही. आतून घट्ट झालेल्या प्लास्टरचे पांढरे ओतीव निघाले. त्याच्यावर माझ्या रेघा होत्या, पण गोल पोट नव्हते. तिथे एक खोलगट पाठ उमटली होती. मणक्यांचे खळगे वरून सरळ निघून मध्येच डावीकडे घसरले होते, आणि एक बाजू दुसरीपेक्षा कितीतरी जास्त रुतलेली होती. आईने त्यावरून बोट फिरवले.

"ही माझी पाठ?"

"हो."

"एवढी वाकडी?"

"कधीपासून दुखतंय गं?"

"थोडंसं तर नेहमीच दुखतं," आई म्हणाली आणि डबा उघडायला लागली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मुलगी काम जमा करायला गेली नाही. ती आईला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे बसली होती. ओतीव फुटू नये म्हणून तिने ते माझ्याच तुकड्यांत गुंडाळून आणले होते, म्हणून मीही तिथे होते. डॉक्टरांनी विचारले, "काय त्रास आहे?"

"विशेष काही नाही," आई म्हणाली. "थोडंसं दुखतं."

मुलीने मला बाजूला केले आणि ते पांढरे ओतीव डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. "हे थोडंसं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवले.

काम उशिरा जमा झाले, त्याचे गुण कापले गेले. मित्रांनो, ते सोडा. मला सांगायचे आहे ते वेगळेच. सोळा वर्षे ती पाठ रोज माझ्यावर टेकत होती आणि वाकत होती, तरी मला पत्ता लागला नाही. पाणी सरकून जागा करून देते, त्यात काही उमटत नाही. मी ऊब दिली आणि माझे काम झाले असे समजले. तुमच्या घरातही "आता बरं" म्हणणारे कोणी असेल. त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. जवळ जा आणि त्याच्या पाठीवरून एकदा नीट हात फिरवून बघा.