अलाबला

कुसुमबाईंनी वॉर्डाबाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, मास्क नाकावर ओढला आणि झाली ना पास, अशा नजरेने सुनेकडे, ज्योतीकडे, पाहिलं. गावाहून, पनागरहून, सोलून आणलेले मटार बाहेरच ठेवावे लागले होते, तेवढाच काय तो राग.

“पाच मिनिटं फक्त, आजी,” विनता सिस्टर म्हणाली. “आणि हात नाही लावायचा. सर्दी वगैरे नाही ना?”

“नाही व माय. नाकात धूळ गेली रस्त्याची.”

आत सुमेधा उशीला टेकून बसली होती. हिंदी मुलखात वाढलेली सहा वर्षांची पोर, केमोने डोकं तुळतुळीत झालेलं. तब्येत जरा सावरली होती, सोमवारी घरी सोडणार होते. कुसुमबाई पलंगापासून हातभर दूर उभ्या राहिल्या. नियम म्हणजे नियम.

“दादी, मुँह दिखाओ ना!”

त्यांनी मास्क खाली केला. तेवढ्यात शिंक आली. चारचौघांत करतात तसं तोंड फिरवून त्यांनी ती तळहातावर घेतली, हात पदराला पुसला. मग निघताना दोन्ही हात नातीच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. त्यांच्या लेखी हे हात लावणं नव्हतंच. पोरीची सारी पीडा त्यांनी स्वतःवर घेतली होती.

थांबवायला ज्योतीचा हात उठला होता. पण कितीतरी दिवसांनी सुमेधा खदखदून हसली, आणि हसणाऱ्या पोरीसमोर कोणती माय नियम सांगत बसेल? हात खाली आला.

सोमवारी घराऐवजी ताप आला. तपासणीत सर्दीचा विषाणू निघाला. धडधाकट पोराचं त्याने फार तर नाक वाहतं. शेजारची मुलं वेगळ्या खोल्यांत हलवली, भेटी बंद झाल्या. विनता सिस्टरने ज्योतीला बाजूला घेतलं.

“सर्दी कोणाला होती? खरं सांगा, बाकीची पोरं आहेत इथं.”

“मला.”

“दुसऱ्या कोणाच्या पलंगापाशी गेलात?”

“नाही. फक्त हिच्या.”

ज्योतीच्या नाकातला नमुना घ्यायला सिस्टरने काडी उचलली. बाहेरच्या बाकावर कुसुमबाई शिंकल्या. एकदा, मग पुन्हा. सिस्टर ज्योतीकडे बघत राहिली आणि तिने काडी परत ठेवली.

“सासूबाईंना घरी पाठवा,” ती हळूच म्हणाली.

आठवडा उलटायच्या आत सुमेधा गेली.

ज्योतीच्या विजय नगरच्या घरात भेटायला आलेली माणसं पांगली, तेव्हा कुसुमबाईंनी त्या दिवशी बाकावरून ऐकलेलं आणि इतके दिवस गिळलेलं बोलून टाकलं.

“सर्दी होती, तर आत काहून गेली व तू? मी पाह्य किती जपून राहिली होती.”

“चुकलं, आई.”

“चुकलं म्हणते!”

सुनेचा सुकलेला चेहरा बघून म्हातारीचं काळीज पाघळलं. त्या जवळ सरकल्या, दोन्ही तळवे तिच्या गालांवरून फिरवले आणि बोटं मोडायला हात आपल्या कानशिलांकडे नेऊ लागल्या.

ज्योतीने ते हात नेऊ दिले नाहीत. आपल्या गालांवरच घट्ट दाबून धरले.