पटक्याची खुंटी

सासरे गेले त्याच आठवड्यात, ते पटका अडकवायचे त्या खुंटीवर एक पाल आली. तिनं खुंटी चाटली, घुटमळली आणि आढ्यात निघून गेली. झालं! सासूबाईंनी, अन्नपूर्णाबाईंनी, ठरवून टाकलं की तेच आले. मग रोज दिवेलागणीला पाल येऊन गेल्याशिवाय त्या जेवत नसत.

दिवाळी आली तशी मी पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या. खुंटी किडली होती, ती उपटून सरपणात टाकली आणि नवी ठोकली. कौतुक राहिलं बाजूला! संध्याकाळी पाल भिंतभर फिरली, इथं चाट, तिथं चाट, आणि तशीच गेली. सासूबाईंनी ताट सरकवलं.

"त्यायले घर ओयखू येऊन नाही राह्यलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. म्हातारी वाळत चालली आणि माझं डोकं चालेना. समजूत घालायची कुणाची, सासूची की पालीची?

आमचे हे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्यात मास्तर, नागपूरला शिकलेले. ते सासूबाईंच्या देखतच म्हणाले, नर पालीच्या मांडीतून मेणासारखं काहीतरी पाझरतं. तो ते घासून जातो, मग मादी जिभेनं चाखून ओळखते की इथं कोण येऊन गेलं. ते तू पुसलंस.

मला काही पटलं नाही. तरी सरपण उपसून जुनी खुंटी काढली आणि होती तिथं ठोकली.

संध्याकाळी पाल आली. खुंटी चाटत बराच वेळ थांबली. सासूबाईंचे डोळे भरून आले. एवढ्यात ह्यांनी कंदील वर धरला. पालीच्या पोटात दोन अंडी स्पष्ट दिसत होती. मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे गप्प बसवेना. ही मादी आहे, म्हणाले.

मी ह्यांना चिमटा काढला, पण उशीर झाला होता. सासूबाई एकदा पालीकडे बघत, एकदा ह्यांच्याकडे.

"मंग ज्यानं घासलं, तो कुठी हाय?"

नर ह्यांनाही कधी दिसला नव्हता.

"म्हंजे हे ते नाहीत," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "हे तं माह्यावानी हाय. खुंटीपाशी येऊन राह्यली बिचारी."

त्यांनी ताट स्वतःच पुढं ओढलं.

"वाढ मले," त्या मला म्हणाल्या, मग ह्यांच्याकडे वळल्या. "अन् तो कंदील बाजूले घे. तिले सुचू दे."