सासऱ्यांचा सोफा

बाईंनी उभी हयात एकच गोष्ट सांगण्यात घालवली होती. बाळंतीण दिवसच्या दिवस रडते तेव्हा ती नाटकी नसते, आळशी तर मुळीच नसते. तिचं मन आजारी असतं, आणि त्यावर इलाज असतो. बाई समाजकार्याच्या प्राध्यापिका. कॉलेज आणि त्याला लागून असलेलं मोठं हॉस्पिटल त्यांना तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'तोफ' म्हणायचं. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. दुसरं जास्त आवडायचं.

फार पूर्वी हा विषय कमिटीपुढे मांडला तेव्हा एक बडे डॉक्टर म्हणाले होते, "अहो, बायका रडतातच."

"पुरुषही रडतात," बाई म्हणाल्या, "फक्त ते त्याला मीटिंग म्हणतात."

त्यानंतर बरीच वर्षं त्यांना कमिटीवर कुणी बोलावलं नाही.

शेवटी एका धनिकाने देणगी दिली आणि 'मातांसाठी मन मोकळं करण्याची खोली' उभी राहिली. मात्र ती वरच्या मजल्यावर, पैसेवाल्यांच्या खासगी खोल्यांच्या रांगेत. आत मंद दिवे, दारावर देणगीदाराच्या नावाची पितळी पाटी, आणि एक सोफा. असा मऊ, की बसलं की माणूस त्यात नाहीसाच व्हायचा. खालच्या जनरल वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी. त्यांच्या वाट्याला भिंतीवर एक फलक आला: 'हसत राहा, आई!'

फलक पाहून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक डीनच्या केबिनमध्ये.

"ज्यांना धड कूस बदलता येत नाही, त्यांना हसा म्हणता?"

"सगळं टप्प्याटप्प्याने होईल, बाई," डीन म्हणाले. "खालच्या मजल्याचं पुढच्या टप्प्यात बघू."

पुढचा टप्पा म्हणजे काय, हे बाईंना चांगलं कळत होतं. दुपारी डीन जेवायला गेल्याचं पाहून त्यांनी लिफ्टमनला गाठलं.

"चला. वरचा सोफा खाली न्यायचाय."

"बाई, माझी कंबर..."

"मलाही आहे कंबर. तुमच्यापेक्षा रुंद. चला."

दार ढकललं तर सोफ्यावर एक तरुण मुलगी पाय पोटाशी घेऊन बसलेली. उंची गाऊन, आणि रडून रडून सुजलेले डोळे. लिफ्टमन शहाणा माणूस; तो बाहेरच थांबला. बाई आत गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. सोफा विसरल्याच.

"किती दिवसांचं बाळ?"

"आठवडा झाला." ती दाराकडे बघत म्हणाली, "मी इथे बसले होते हे कुणाला सांगू नका. ती पाटी माझ्या सासऱ्यांच्या नावाची आहे. सासूबाई म्हणतात, दान द्यायला ठीक आहे, पण आपल्या घरात असलं काही होत नाही."

"बरोबरच आहे. आजार तुमच्या घरी सासूबाईंना विचारूनच येत असेल."

मुलीने नाक पुसलं. "बाळ रडलं की मला वाटतं, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. ते लोक येतील आणि घेऊन जातील. मी वाटच बघते त्यांची."

"स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं का?" बाईंनी सरळ विचारलं. हा प्रश्न आडून विचारायचा नसतो, हे त्या वर्गात घसा फोडून सांगत.

"नाही. निघून जावंसं वाटतं. चपला घालते आणि काढते."

"माझ्या बाळंतपणात मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे," बाई म्हणाल्या. " आमच्या ह्यांना वाटलं, मला स्वच्छतेचं वेड लागलं. त्यांनी साबण आणून दिले."

मुलगी फस्सकन हसली, मग परत रडली, मग म्हणाली, "तुम्ही कशाला आला होतात?"

"हा सोफा चोरायला."

ती सोफ्याकडे बघत राहिली. मग उठली. "मी दार धरते."

सोफा लिफ्टमध्ये आडवा जाईना, उभा मावेना. शेवटी गाद्या काढून मुलीच्या काखेत दिल्या तेव्हा कुठे दार लागलं. जनरल वॉर्डात तो दोन खांबांच्या मधे टेकवला तशा सगळ्या माना वळल्या.

"कुणाचा हा?" एका भाजीवाल्या बाळंतिणीने विचारलं.

"माझ्या सासऱ्यांचा," मुलगी म्हणाली. "बसा ना."

भाजीवाली बसली आणि बुडाली. तिच्यामागोमाग आणखी दोघी. मुलीचे डोळे बघून भाजीवाली म्हणाली, "काय झालं गं?"

"मला माझं बाळ आवडत नाही." सांगून टाकलं आणि ती स्वतःच दचकली.

"माझा पहिलाही मला आवडत नव्हता. सासऱ्यांसारखा दिसायचा."

पलीकडच्या खाटेवरून एकजण हळूच म्हणाली, "मला तर आई होणंच आवडत नाही," आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. बाई उठून तिच्याकडे गेल्या. त्या दुपारी त्यांना खाली बसायला म्हणून मिळालं नाही.

डीन आले ते लालबुंद होऊन. "हा काय प्रकार आहे? हॉस्पिटलची मालमत्ता..." एवढ्यात त्यांना सोफ्यावर मधोमध देणगीदाराची सून दिसली. केस विस्कटलेले, मांडीवर भाजीवालीचं बाळ. डीननी उगारलेलं बोट खाली घेतलं.

"छान दिसतोय इथे," ते म्हणाले.

संध्याकाळी बाई मुलीला विचारून तिच्या सासूबाईंना भेटल्या. सासूबाईंनी आधी आवाज चढवला, मग घराण्याच्या अब्रूचा विषय काढला, आणि सगळं संपल्यावर दाराकडे पाठ करून म्हणाल्या, "माझ्या वेळी कुणी विचारलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन त्या स्वतः मनोविकारांच्या डॉक्टरांकडे गेल्या. औषधं सुरू झाली. बरं वाटायला वेळ लागला, मधे एकदा घसरणही झाली, पण मुलगी उभी राहिली.

वर्षाअखेरीच्या समारंभात डीननी सांगितलं, की सोफा खाली आणण्याची कल्पना त्यांचीच. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग भाषण संपायच्या आतच त्यांनी लिफ्टमनला कोपरखळी मारली.

"वर दोन पंखे जास्तीचे आहेत म्हणे."