अर्धं पान कोरं

मित्रांनो, जुनी म्हणाल तर मी जुनी आहे, आणि चालू म्हणाल तर अजून चालू आहे. पंचवटीत एका कॉलेजच्या फाटकासमोर ललिताबाईंचं दुकान आहे. आत शिरताच डाव्या हाताला जी झेरॉक्सची मशीन दिसते ना, ती मी. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडालेला आहे. रंग एकेकाळी पांढरा होता, आता त्यावर चहा सांडल्यासारखा झाला आहे. पण माझ्या पोटात उजेड आहे. झाकण मिटलं की तो काचेखालून इकडून तिकडे जातो, आणि एका कागदावरची अक्षरं उचलून दुसऱ्या कागदावर अलगद ठेवतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझी पहिली नोकरी देवळाली कॅम्पात झाली. तिथं फौजी घरांच्या बायका यायच्या, कडेवर पोर आणि हातात कागदांची पिशवी. नवऱ्याची बदली झालेली असायची, म्हणून मुलांच्या शाळेचे दाखले चार-चार प्रतींत हवे असायचे. नऊ वर्षं मी माणसांच्या निघण्याचे कागद काढले. मग ते दुकान उठलं. ललिताबाईंनी मला गोधडीत गुंडाळून टेम्पोत घातलं आणि इथं आणलं. दसऱ्याला त्या मला झेंडूची माळ घालतात आणि काचेला कुंकू लागणार नाही याची काळजी घेतात.

इथं आल्यावर माझं नाव झालं. बारावीच्या मुलांना लागायच्या नोट्स. तयार उत्तरं, तयार निबंध. परीक्षा जवळ आली की रांग रस्त्यापर्यंत जायची. मुलं म्हणायची, "अर्धे मार्क ललितामावशींची मशीन देते." मला ते गोड वाटायचं. खोटं कशाला बोलू?

सगळ्यांत जास्त मागणी होती अश्विनच्या निबंधांना. अश्विन हा फार पूर्वीचा मुलगा, अक्षर मोत्यासारखं. तो पास झाला, नोकरीला लागला, त्याला मूलही झालं. निबंध मात्र ललिताबाईंच्या फायलीत राहिले. दर वर्षी नवी मुलं यायची आणि जुना अश्विन पाठ करून जायची.

आणि इथंच माझ्या हातून चूक झाली. अश्विनचा पाण्यावरचा निबंध लांब कागदावर होता. त्या वर्षी लांब कागद संपले होते, गर्दी तर मावत नव्हती. ललिताबाईंनी आखूड कागद लावले. पहिल्या पानाच्या तळाची ओळ कागदाबाहेर राहिली. माझ्या लक्षात आलं नाही, त्यांच्याही नाही. मित्रांनो, कुणाच्याच आलं नाही.

सराव परीक्षा झाली. दोन दिवसांनी योगिनी मॅडम दुकानात आल्या. त्या कॉलेजात बारावीला भाषा शिकवतात. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता.

"ललिताबाई, पाण्याच्या निबंधाची मूळ प्रत आहे का तुमच्याकडे?"

"आहे की. किती काढू?"

"एकही नको. आधी हे ऐका." मॅडमनी एक उत्तरपत्रिका उघडली आणि वाचलं, "पाणीटंचाईमुळे स्त्रियांना डोक्यावर हंडे घेऊन कोसभर चालावे लागते. हे काम अत्यंत आनंददायी असून प्रत्येकाने त्यात सहभागी व्हावे."

ललिताबाई फिस्सकन हसल्या. "कोण हा येडा?"

"एक नाही. एकेचाळीस आहेत."

ललिताबाईंनी फाइल काढली. दोन्ही पानं शेजारी ठेवली. मधली हरवलेली ओळ तिथं होती, अश्विनच्या सुंदर अक्षरात: यावर उपाय म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र येऊन बंधारे बांधणे.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "कागद आखूड पडला हो. माझी चूक."

"तुमच्याकडून एक ओळ सुटली. मला त्याचं काही नाही वाटत. एकेचाळीस मुलं हे वाचत गेली, पाठ करत गेली, आणि एकालाही अडखळायला झालं नाही. त्याचं वाटतं."

दुकानात एक मुलगी पुस्तकाला कव्हर घालून घेत उभी होती. तेजस्विनी तिचं नाव. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा फुलांचा मळा, आणि आई सिंधुबाई पंचवटीच्या बाजारात फुलं विकते. ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मीपण तेच लिहिलंय."

"घरी पाणी कोण भरतं गं तुझ्या?"

"मीच. विहिरीवरून."

"आनंददायी असतं?"

तेजस्विनीनं कव्हराची घडी बोटानं दाबली. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं निबंधातल्या बायका वेगळ्या असतील."

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तू जिथं जाशील तिथं नोट्स कुणी देणार नाही. वीस पानं देतील आणि विचारतील, लेखक काय म्हणतो, आणि तुला काय वाटतं? तेव्हा अश्विन येणार नाही तुझ्या मदतीला."

त्या शनिवारपासून माझं काम बदललं. मॅडम एक लेख आणायच्या. कधी नदीवरचा, कधी कारखान्यावरचा, कधी मोबाइलवरचा. मुलांनी पूर्वी न वाचलेला. ललिताबाईंना सांगायच्या, "छोटा करा आणि डावीकडे सरकवा. उजवं अर्धं पान कोरं राहू द्या."

"मॅडम, कागद फुकट जातोय."

"जाऊ दे. तिथं मुलं लिहितील."

पहिल्या शनिवारी मुलांनी ते कागद फुटक्या हंड्यासारखे उलटसुलट करून पाहिले. साई नावाचा एक उंच मुलगा म्हणाला, "मॅडम, उत्तर छापायचं राहिलंय." दुसऱ्या कुणीतरी विचारलं, "कोऱ्या जागेला मार्क किती?" सगळे हसले, मॅडमसुद्धा.

ते कागद एकमेकांना दाखवायला मुलं पुन्हा माझ्याकडे प्रती काढायला आणत, म्हणून मला सगळं कळत होतं. तेजस्विनीच्या पहिल्या कोऱ्या जागेत दोनच शब्द होते: समजलं नाही. खाली मॅडमनी लिहिलं होतं: जिथून समजेनासं झालं तिथं रेघ मार. पुढच्या शनिवारी रेघ पहिल्याच परिच्छेदात होती. त्याच्या पुढच्या वेळी तिसऱ्यात. संक्रांतीनंतर एकदा रेघच नव्हती. त्याऐवजी लिहिलेलं होतं, हे याला कुणी सांगितलं? मी इतके कागद पाहिले, पण कागदाशी कुणी असं भांडलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मॅडमचा एक नियम होता. त्या तो दर शनिवारी सांगायच्या. "आधी लेखकाचं म्हणणं लिहा. असं लिहा की त्यानं वाचलं तर तो म्हणेल, हो, हेच म्हणायचं होतं मला. मग तुमचं."

बारावीची परीक्षा झाली. उन्हाळा तापला. तेजस्विनीला वकील व्हायचं होतं. पुण्यातल्या एका कॉलेजात पाच वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि मुलींचं वसतिगृहही होतं. वसतिगृह असेल तरच घरून पाठवणार, हे ठरलेलं होतं. नाहीतर मळ्यातच राहायचं आणि जवळ जे मिळेल ते शिकायचं. त्या कॉलेजनं अर्जासोबत एक लेख पाठवला होता. त्यावर दोन पानं स्वतःच्या हातानं लिहून शुक्रवारपर्यंत टपालात टाकायची होती. लेखात म्हटलं होतं की शहरातले फुलांचे आणि भाजीचे बाजार शहराबाहेर हलवावेत.

बुधवारी ती आली तेव्हा तिच्याबरोबर तिचा चुलतभाऊ हर्षल होता. तो आदल्या वर्षी कुठल्याशा कॉलेजात लागला होता आणि त्याची मिजास अजून उतरली नव्हती.

"मावशी, याची एक प्रत काढा," त्यानं दोन पानं काचेवर ठेवली. "तेजू, हे घे. बघून उतरव, फक्त नाव बदल."

"दादा, तुझा विषय तर मोबाइल होता."

"मग? ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ हे कुठं अडतं का? बाजाराला लाव, मोबाइलला लाव, लग्नाला लाव."

"लग्नाला लावून बघ तू आधी," ललिताबाई म्हणाल्या.

मी प्रत काढली. ते माझं काम आहे. मला नाही म्हणता येत नाही. हर्षल गेला. तेजस्विनी स्टुलावर बसून ती दोन पानं वाचू लागली. जाणूनबुजून नाही, सवयीनं तिच्या हातात पेन आलं. कडेला जागा नव्हतीच, तरी तिनं ओळींच्या मधे लिहिलं: कुठल्या दोन बाजू? पुढच्या ओळीवर: कुणाला त्रास होतो? आणखी पुढे: हे कशावरून? पानाच्या तळाशी येईपर्यंत हर्षलचं एकही वाक्य उभं राहिलेलं नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "यात काहीच नाही."

"मग नको पाठवू."

"पण दादाला यावरच प्रवेश मिळाला ना. माझं लिहिलेलं नाही आवडलं तर?"

ललिताबाईंनी कोऱ्या कागदांचं पाकीट तिच्याकडे सरकवलं.

तिनं लिहिलं. भराभर, पेन रुतवून. त्यात नुसता राग होता. लेखकाला फुलं घरपोच येतात, त्याला काय कळणार, असा. बाजार उठल्यावर सिंधुबाई तिला न्यायला आली. रिकामी टोपली पायरीशी ठेवून टेकली आणि उरलेल्या झेंडूंची माळ ओवता ओवता गुणगुणू लागली.

झेंडू तोडीता तोडीता, हात पिवळं गं झालं,
लेकीच्या गं बोटावर, शाईचं आभाळ आलं.

"आये, ऐक ना," तेजस्विनी म्हणाली, आणि तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. सिंधुबाईनं माळ थांबवली.

"त्यो मानूस काय म्हनतो, ते काय ल्हिवलं न्हाय तू."

"तो म्हणतो बाजारामुळं घाण होते. सडकी फुलं नदीत जातात."

"मंग? जात्यात की. मी सोता टाकलीत. त्येचं खोटं नाय, पोरी."

"म्हणजे बाजार हलवायचा?"

"तसं कुठं म्हनले मी? बाजार भायेर गेला तर रिक्षाला लय पैसं, आन् पहाटंच्या पूजेला फुलं कोन आननार? पन त्येचं खरं हाय त्ये खरं म्हन की आदी. मंग भांड."

तेजस्विनी आईकडे बघत राहिली. मॅडम शनिवारमागून शनिवार जे सांगत होत्या, ते आईनं कधी काही न वाचता सांगितलं होतं.

पहिला कागद तिनं बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन दुसरा लिहिला. आधी लेखकाचं म्हणणं, नीट. मग नदीकाठची सडलेली फुलं, स्वतःच्या आईनं टाकलेली, तेही. मग लेखकानं न विचारलेला प्रश्न: लांबच्या बाजारात पहाटे टोपली घेऊन कोण आणि कशानं जाईल? शेवटी तिला सुचलेला उपाय होता, बाजार तिथंच ठेवून सडक्या फुलांचं खत करण्याचा. आणि तो पुरा पडेल असं आईला वाटत नाही, आपल्याला माहीत नाही, असंही तिनं प्रामाणिकपणे लिहिलं. दोन ठिकाणी खाडाखोड होती. मी एक प्रत काढली, घरी ठेवायला; लेखाची एक प्रत दुकानाच्या फायलीत राहिली. ललिताबाईंनी कागद लावण्याआधी तिच्या पानाची लांबी हातानं मोजली.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. त्या दिवशी ती दुकानात आलीच नाही. हर्षल मात्र येऊन गेला. "सांगत होतो मी," एवढंच म्हणाला. बारा दिवसांनी तिला मुलाखतीला बोलावणं आलं, आणि परतल्यावर ती एसटीतून उतरली ती सरळ दुकानातच.

"काय विचारलं?" ललिताबाईंनी पाणी पुढं केलं.

"माझा कागदच समोर ठेवला होता त्यांनी. विचारलं, तुमच्या आईचं मत तुमच्यापेक्षा वेगळं दिसतंय. मी म्हटलं, हो, थोडं वेगळं आहे, म्हणूनच चौथ्या परिच्छेदात घातलंय. मग अर्धा तास तेच चाललं. मावशी, ते लोक माझ्याशी भांडत होते आणि मला मजा येत होती."

दुसऱ्या यादीत तिचं नाव आलं. वसतिगृहासकट. सिंधुबाईनं त्या दिवशी बाजारात माळा विकल्या की वाटल्या, कुणास ठाऊक. एक माझ्या झाकणावर आली, दसरा लांब असताना.

आता पुन्हा जून आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर माझ्याकडे पूर्वीसारखी गर्दी नाही. नोट्स फोनवरून फोनवर जातात. कधी दिवस दिवस माझ्या काचेवर धूळ बसते, माझा एक रूळ कुरकुरतो, आणि ललिताबाई म्हणतात, हिला आता काढायला हवं. पण शनिवारचा लेख अजून माझ्याकडेच येतो.

काल शुभांगी नावाची एक मुलगी आली. यंदा बारावीला आहे. म्हणाली, "मावशी, तेजस्विनीताईचा तो पुण्याचा निबंध तुमच्याकडे आहे म्हणे. एक झेरॉक्स द्या ना."

प्रत तेजस्विनीच्याच घरी आहे, हे मला माहीत होतं. पण मागितली तर ती काय नाही म्हणेल? दहा वर्षं हाच कागद माझ्या काचेवर येत राहील, आणि तेजस्विनीचा अश्विन होईल.

ललिताबाई म्हणाल्या, "निबंध नाही माझ्याकडे. तिनं वाचला होता तो लेख आहे. देऊ?"

शुभांगी जरा हिरमुसली, पण हो म्हणाली. ललिताबाईंनी लेख छोटा केला, डावीकडे सरकवला, आणि माझा उजेड अर्ध्या पानावरून अक्षरं घेऊन गेला, उरलेल्या अर्ध्यावरून नुसताच.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. माझ्यासारख्या जुन्या यंत्रांवरून कधीमधी फडकं फिरवा, तेवढ्यानं आम्ही पुष्कळ दिवस चालतो. आणि माझ्याकडून हवं तेवढं घेऊन जा, लाजू नका. पण घरी जाऊन ते पाठ करण्याआधी एकदा वाचा. कुठं ओळ तुटली असेल तर ती मला दिसत नाही. ती फक्त तुम्हाला दिसते.

शुभांगी त्या स्टुलावर बसली. एकदा वाचलं, परत वाचलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी, हा माणूस भलतंच काहीतरी लिहितोय."

"मग मला काय सांगतेस," ललिताबाई म्हणाल्या आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. "त्याला सांग."